गडद पट्ट्याचा अर्थ: इन्सुलिन ग्राही, पीटीपी१बी आणि एका रोधकाची तपासणी

प्रकरणाची पार्श्वभूमी

हे प्रकरण पेशीजीवशास्त्राच्या एका प्रयोगशाळेतील आहे. संस्थेची आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि ज्या रसायनाभोवती सारी चर्चा फिरली, त्याला येथे 'संयुग क' असे म्हटले आहे. पीटीपी१बी या विकराला रोखणारा रेणू शोधणे हा प्रयोगशाळेचा उद्देश होता. हे विकर रोखले गेले तर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणाऱ्या पेशींमध्येही इन्सुलिन ग्राहीचा, म्हणजे इन्सुलिनला धरून पेशीच्या आत संदेश देणाऱ्या प्रथिनाचा, संकेत अधिक काळ टिकेल, अशी त्यामागची अपेक्षा होती.

ती निराधार नव्हती. पीटीपी१बी हे विकर मानवी वारेतून शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झाले. १९९९ साली या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून औषधसंशोधकांचे लक्ष त्यावर खिळले. हे उंदीर निरोगी होते, इन्सुलिनला अधिक संवेदनशील होते आणि स्निग्ध आहारावरही सहजासहजी स्थूल होत नव्हते. इन्सुलिन दिल्यानंतर त्यांच्या यकृतात व स्नायूंमध्ये ग्राहीचे फॉस्फोरिलीकरण, म्हणजे त्यावर फॉस्फेट गट बसणे, वाढलेले दिसले. एखादे विकर समूळ काढून टाकूनही प्राणी धडधाकट राहतो आणि वर त्याला चयापचयाचा लाभही होतो, असे क्वचितच घडते. त्यामुळे त्याच्या रोधकांचा शोध अनेक ठिकाणी एकाच वेळी सुरू झाला.

ग्राहीचा संकेत कोण चालू ठेवते आणि कोण थांबवते

इन्सुलिन ग्राही हा स्वतःच एक विकर आहे, हे १९८२ साली स्पष्ट झाले. त्याचे दोन आल्फा घटक पेशीच्या बाहेर असून ते इन्सुलिनला धरतात. दोन बीटा घटक पेशीपटल ओलांडून आत उतरतात आणि त्यांच्या आतल्या भागात टायरोसीन कायनेजची, म्हणजे टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवण्याची, क्रिया असते. इन्सुलिन जोडले गेले की दोन्ही बीटा घटक एकमेकांच्या ११५८, ११६२ व ११६३ या क्रमांकांच्या टायरोसीनांवर फॉस्फेट बसवतात आणि कायनेज पूर्ण क्षमतेने चालू लागते. त्यापुढे ग्राहीचा संकेत पुढे नेणाऱ्या आयआरएस प्रथिनांवर फॉस्फेट बसते, त्यांच्याशी पीआय३-कायनेज जोडले जाते, पटलातील पीआयपी२ या मेदरेणूपासून पीआयपी३ तयार होतो आणि अखेर एकेटी हे कायनेज ३०८ व्या थ्रिओनीनवर व ४७३ व्या सेरीनवर फॉस्फेट मिळून सक्रिय होते. यकृतपेशीत ग्लायकोजेन साठवणे आणि नव्या ग्लुकोजची निर्मिती रोखणे ही कामे मुख्यतः या शेवटच्या टप्प्यातून होतात.

या साखळीच्या प्रत्येक पायरीवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराइतकेच महत्त्व ते काढणाऱ्या विकराला असते. पीटीपी१बी व त्याचे जवळचे भावंड टीसीपीटीपी ही दोन्ही विकरे ग्राहीवरील फॉस्फेट काढतात, आणि पीटीपी१बीची पकड विशेषतः ११६२ व ११६३ या शेजारशेजारच्या टायरोसीनांवर बसते. पीटेन हे विकर पीआयपी३ ला पुन्हा पीआयपी२ बनवते. पीपी२ए हे एकेटीच्या थ्रिओनीनवरील फॉस्फेट काढते. शिवाय काही कायनेजेसुद्धा विरोधी बाजूने काम करतात. एस६-कायनेज व जेएनके आयआरएस प्रथिनाच्या सेरीनांवर फॉस्फेट बसवून त्याची ग्राहीशी होणारी देवाणघेवाण मंदावतात. म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) दिसणारा फॉस्फोरिलीकृत ग्राहीचा पट्टा ही कोणत्याही एका विकराची नोंद नसून बसवणे आणि काढणे यांच्यात त्या क्षणी जी शिल्लक राहिली तिची नोंद असते. पुढे जे घडले ते या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे घडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पीटीपी१बीची रासायनिक घडण या प्रकरणात निर्णायक ठरली. त्याच्या सक्रिय स्थानी २१५ व्या क्रमांकावर सिस्टीन आहे. आजूबाजूच्या अमिनो आम्लांमुळे या सिस्टीनवरील हायड्रोजन सहज सुटतो आणि ते ऋणभारित अवस्थेत राहते. फॉस्फेटवर हल्ला करण्याची त्याची क्षमता यातूनच येते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला ते चटकन बळी पडते तेही याच कारणाने. सौम्य ऑक्सिडीकरण झाल्यास हे सिस्टीन शेजारच्या सेरीनच्या नायट्रोजनशी जोडले जाऊन एक तात्पुरते वलय तयार होते. ग्लुटाथायोनसारखे क्षपणकारक ते पुन्हा उघडतात आणि विकर जिवंत होते. ऑक्सिडीकरण त्याहून पुढे गेले तर परतीचा मार्ग उरत नाही. पेशी या गुणधर्माचा स्वतःही उपयोग करून घेते. इन्सुलिन ग्राहीला जोडले गेल्यावर पटलातील एनएडीपीएच ऑक्सिडेज थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, त्यामुळे पीटीपी१बी काही काळ निष्क्रिय होते आणि संकेताला उभे राहण्यास अवधी मिळतो.

समस्या कशी समोर आली

संयुग क हे रसायनांच्या एका मोठ्या संग्रहाच्या चाळणीतून पुढे आले. चाळणीची पद्धत सर्वत्र वापरली जाते तीच होती. शुद्ध पीटीपी१बी, फॉस्फेट निघाल्यावर पिवळे होणारे पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट आणि विकराचे सिस्टीन क्षपित ठेवण्यासाठी डीटीटी हे क्षपणकारक असे मिश्रण प्लेटच्या खळग्यांत घालायचे. विकर काम करत असेल तर खळगा पिवळा होतो आणि त्याची नोंद ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीवर घेतात. संयुग क असलेले खळगे जवळपास रंगहीन राहिले.

त्यानंतर हेप-जी२ या यकृतजन्य पेशी रात्रभर सीरमविना ठेवून, संयुग क देऊन, १०० नॅनोमोलर इन्सुलिन १० मिनिटे दिले गेले. ब्लॉटवर ग्राहीचा फॉस्फोरिलीकृत पट्टा कंट्रोलच्या तुलनेत स्पष्टपणे गडद आला. एकेटीच्या ४७३ व्या सेरीनचा पट्टाही गडद आला. शुद्ध विकर रोखले गेले, पेशीत ग्राही अधिक काळ सक्रिय राहिला आणि पुढची पायरीही वाढली, हे सारे इतके सुसंगत होते की संघाने रसायनशास्त्रज्ञांशी पुढील सुधारणांबाबत बोलणी सुरू केली.

शंका आली ती दोन लहान नोंदींमुळे. पहिली नोंद शोधछात्राच्या वहीतील होती. डीटीटीचे द्रावण नुकतेच बनवलेले असेल त्या दिवशी संयुग क चा रोध तीव्र येई आणि द्रावण जुने, अनेकदा वितळवून पुन्हा गोठवलेले असेल त्या दिवशी तो निम्म्यावर येई. सक्रिय स्थानी बसून विकराला अडवणाऱ्या रेणूला डीटीटीच्या ताजेपणाशी काही देणेघेणे असण्याचे कारण नव्हते. दुसरी नोंद ब्लॉटची होती. सर्व फॉस्फोटायरोसीन (कोणत्याही प्रथिनावरील फॉस्फेट बसलेले टायरोसीन) ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने तोच ब्लॉट पुन्हा पाहिला, तेव्हा संयुग क च्या रकान्यात ग्राहीचाच पट्टा नव्हे, तर वरपासून खालपर्यंत अख्खा रकाना काळवंडलेला दिसला. पीटीपी१बी ग्राहीखेरीज इतर प्रथिनांवरही काम करते हे खरे, पण एका विकराच्या रोधातून इतका व्यापक परिणाम अपेक्षित नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

बैठकीत तीन मते मांडली गेली.

पहिले मत असे की काम पुढे न्यावे. पेशीत परिणाम दिसला आहे, शुद्ध विकराच्या चाचणीतील चढउतार हा तंत्राचा भाग आहे आणि प्रत्येक संयुगाची पहिली आवृत्ती थोडी अव्यवस्थित असतेच. या मताला वेळापत्रकाचे पाठबळ होते आणि त्याची बाजू वाटते तितकी कमकुवत नव्हती, कारण शुद्ध विकराच्या चाचणीत फसवा रोध दाखवणारी कितीतरी संयुगे पेशीत काहीच करत नाहीत, आणि हे संयुग पेशीत नक्कीच काहीतरी करत होते.

दुसरे मत याच्या अगदी उलट होते. संयुग क च्या रचनेत क्विनोन वलय होते. असे रेणू डीटीटीकडून इलेक्ट्रॉन घेतात, ते ऑक्सिजनला देतात, पुन्हा मूळ रूपात येतात आणि हे चक्र चालू असताना हायड्रोजन पेरॉक्साइड साठत जाते. तेव्हा रचना पाहूनच संयुग बाद करावे, चाचण्यांवर वेळ घालवू नये, असे रसायनशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या सदस्यांचे म्हणणे होते. त्यांचे निदान बरोबर निघाले, तरीही केवळ रचनेवरून निकाल देणे योग्य झाले नसते, असे वाटते. क्विनोन असलेले काही रेणू औषधे म्हणून वापरात आहेत, आणि पुराव्याविना बाद केलेले संयुग पुढच्या चाळणीत कोणीतरी पुन्हा उत्साहाने उचलून आणतोच.

तिसरा पर्याय तपासणीचा होता, पण तिचा क्रम कोणता यावर खरा वाद झाला. प्रमुख संशोधिकेला पेशीतील प्रश्न थेट सोडवणारी जनुकीय चाचणी आधी हवी होती: पीटीपी१बीचे जनुक निकामी केलेल्या पेशींवर संयुग क द्यायचे आणि तरीही ग्राहीचा पट्टा गडद होतो का ते पाहायचे. लक्ष्यच नसेल तर परिणामही नसावा, हा तर्क बिनतोड होता. मात्र अशा पेशी तयार करून पारखून घेण्यास बराच काळ लागतो. शोधछात्राचे म्हणणे होते की मिश्रणात हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करणारे कॅटालेज हे विकर घालण्याची चाचणी एका दुपारी होते आणि तिच्या निकालावरून जनुकीय कामाची गरज किती हे ठरेल.

पेशींवरही कॅटालेज वापरून भागेल का, अशी सूचना आली होती. ती नाकारली गेली, कारण कॅटालेज हा चार घटकांचा मोठा प्रथिनरेणू आहे व तो अखंड पेशीत शिरत नाही. बाहेरचे पेरॉक्साइड तो नष्ट करील, पण आत तयार होणाऱ्याबद्दल काहीच सांगू शकणार नाही. ऑक्सिडीकरण रोखणारे एन-असिटिल सिस्टीन वापरण्याची सूचनाही मागे पडली. हा रेणू क्विनोनशी थेट जोडला जाऊ शकतो, त्यामुळे परिणाम नाहीसा झाला तरी तो पेरॉक्साइड गेल्यामुळे की संयुगच निष्प्रभ झाल्यामुळे हे कळले नसते. अखेर स्वस्त व जलद चाचण्या आधी आणि जनुकीय चाचणी त्यांच्या जोडीने सुरू करून ठेवायची, असे ठरले.

कार्यवाही

पहिल्या चाचणीत संयुग क असलेल्या खळग्यांच्या दोन ओळी एकमेकींखाली मांडल्या होत्या. एका ओळीत कॅटालेज होते, दुसरीत नव्हते. काही मिनिटांतच कॅटालेजची ओळ कंट्रोलसारखी पिवळी होऊ लागली आणि खालची ओळ रंगहीनच राहिली. उपकरणात प्लेट ठेवण्याआधीच उत्तर डोळ्यांना दिसत होते. उकळून निष्क्रिय केलेले कॅटालेज घातलेले खळगेही रंगहीन राहिले, म्हणजे हा परिणाम केवळ जास्तीचे प्रथिन मिसळल्याचा नव्हता. डीटीटीऐवजी ग्लुटाथायोन वापरल्यावर रोध जवळजवळ नाहीसा झाला, कारण ग्लुटाथायोन हे सौम्य क्षपणकारक असून हे चक्र त्याच्यावर तितक्या जोमाने चालत नाही. ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातल्याने काही फरक पडला नाही, त्यामुळे रेणूंच्या गुठळ्या होऊन विकर त्यांत अडकल्याची शक्यताही बाजूला पडली. टीसीपीटीपी आणि एलएआर या इतर टायरोसीन फॉस्फटेजांवर (टायरोसीनवरील फॉस्फेट काढणाऱ्या विकरांवर) संयुग क तपासले तेव्हा तीही जवळपास सारख्याच प्रमाणात रोखली गेली. या सर्वांच्या सक्रिय स्थानी तेच असुरक्षित सिस्टीन आहे.

पेशींचा भाग इतका सरळ गेला नाही. ग्राहीच्या सक्रियण-वळशावरील (वर सांगितलेल्या तीन टायरोसीनांच्या भागावरील) फॉस्फेट ओळखणारे वापरातील प्रतिपिंड आयजीएफ-१ ग्राही या त्याच्या जवळच्या भावंडावरील तत्सम जागाही ओळखत होते, आणि १०० नॅनोमोलर इतके इन्सुलिन त्या ग्राहीलाही जागे करते. त्यामुळे इन्सुलिन ग्राही त्याच्या स्वतःच्या प्रतिपिंडाने आधी वेगळा काढून मग त्यावरील फॉस्फोटायरोसीन पाहायचे ठरले. पहिल्या खेपेस सगळ्याच नमुन्यांत, अगदी इन्सुलिन दिलेल्या कंट्रोलमध्येही, पट्टे फिके आले. कारण लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडण्याच्या द्रावणात, होते. फॉस्फटेजे थोपवण्यासाठी त्यात ऑर्थोव्हॅनाडेट होते, पण प्रोटिएजांना (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना) थोपवण्यासाठी घातलेले ईडीटीएही होते, आणि ईडीटीए व्हॅनाडेटला बांधून त्याचा रोध उठवते. पेशी फोडून लगेच नमुना उकळला तर याने फारसे बिघडत नाही. येथे मात्र नमुना प्रतिपिंडासह थंडीत कित्येक तास फिरत होता आणि त्या अवधीत जागी झालेली फॉस्फटेजे ग्राहीवरील फॉस्फेट काढत राहिली. ईडीटीए वगळून आणि मोकळी सिस्टीने कायमची बंद करणारे एन-एथिलमॅलेइमाइड घालून बफर नव्याने बनवला, तेव्हा पट्टे अपेक्षेप्रमाणे आले. ज्या विकरांचा अभ्यास करायचा तीच नमुन्यात शिरून निकाल पुसतात, ही या क्षेत्रातील जुनीच डोकेदुखी आहे.

पीटीपी१बीविरहित पेशी हाती आल्यावर दोन गोष्टी दिसल्या. संयुग क न देताही या पेशींत इन्सुलिनमुळे होणारे ग्राहीचे फॉस्फोरिलीकरण मूळ पेशींपेक्षा जास्त होते, म्हणजे पेशींचा नमुना विश्वासार्ह होता. आणि संयुग क दिल्यावर ते आणखी वाढले. जे विकर पेशीत उरलेच नव्हते, त्याच्या रोधातून ही वाढ येणे शक्य नव्हते.

एकेटीचा पट्टा का गडद झाला होता, हेही यानंतर उलगडले. पीटेनच्या सक्रिय स्थानीही सिस्टीन आहे आणि पेरॉक्साइडमुळे ते ७१ व्या क्रमांकाच्या सिस्टीनशी डायसल्फाइड बंध करून निष्क्रिय होते. हे रूप क्षपणकारक न घातलेल्या जेलवर किंचित वेगाने पुढे सरकते, आणि संयुग क च्या नमुन्यांत ते तसे दिसले. पीटेन बंद पडले की पीआयपी३ साठते आणि ग्राहीकडून आलेला संकेत न वाढताही एकेटी जागे होते. तेव्हा ग्राही आणि एकेटी या दोन पट्ट्यांचा जो मेळ सुरुवातीला इतका आश्वासक वाटला होता, तो एकाच साखळीच्या दोन कड्यांचा मेळ नव्हता. एकाच ऑक्सिडीकरणाने दोन वेगळ्या ठिकाणी केलेल्या कामांचा तो योगायोग होता.

निर्णय आणि निष्पत्ती

निकालांनंतरच्या बैठकीत एका सदस्याने विचार करायला लावणारा मुद्दा काढला. इन्सुलिन स्वतःच पेरॉक्साइडच्या मार्गाने पीटीपी१बीला क्षणभर बाजूला सारत असेल, तर संयुग क निसर्गाचीच वाट चालत आहे. मग ते दोषी कसे? मुद्दा योग्य होता आणि त्याचे उत्तर वेळेच्या व जागेच्या हिशेबात होते. इन्सुलिनने उठणारे पेरॉक्साइड थोडे, ग्राहीच्या आसपासचे व अल्पकाळ टिकणारे असते आणि निष्क्रिय झालेली विकरे लवकरच पुन्हा क्षपित होतात. संयुग क मात्र क्षपणकारक आणि ऑक्सिजन मिळत राहतील तोवर चक्र चालूच ठेवते आणि समोर येईल त्या सिस्टीनला गाठते. त्यावर वादापेक्षा प्रयोग बरा म्हणून पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत संयुग क मध्ये ठेवून मग इन्सुलिन दिले गेले. १० मिनिटांच्या प्रयोगात वाढलेला प्रतिसाद येथे उलट मंदावलेला आढळला. जेएनके सक्रिय होते आणि आयआरएस-१ च्या सेरीनांवरील फॉस्फेट वाढले होते. दीर्घकालीन ऑक्सिडीकारक ताणाने पेशी इन्सुलिनला कमी प्रतिसाद देऊ लागतात हे आधीपासून ज्ञात आहे, आणि येथेही तेच चित्र दिसले.

संयुग क पुढील विकासातून काढण्यात आले. ते फेकून मात्र दिले नाही. चाळणीच्या प्रत्येक फेरीत ते आता मुद्दाम ठेवले जाते, आणि कॅटालेजची चाचणी त्याला पकडू शकली नाही तर ती फेरी ग्राह्य धरत नाहीत. रोध दाखवणारे प्रत्येक नवे संयुग पेशींपर्यंत जाण्याआधी कॅटालेजसह व ग्लुटाथायोनसह तपासले जाते. संघाने आपले लक्ष सक्रिय स्थानाकडूनही थोडे बाजूला वळवले. ते स्थान टीसीपीटीपीमध्ये जवळजवळ तसेच आहे, आणि टीसीपीटीपी नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात, तेव्हा दोन्हींना एकदम रोखणे परवडणारे नाही. शिवाय या स्थानी घट्ट बसणारे रेणू बहुधा ऋणभारित असल्याने पेशीपटल ओलांडताना अडखळतात. सक्रिय स्थानापासून सुमारे २० अँगस्ट्रॉम अंतरावर रेणू बसण्याची एक दुसरी जागा असल्याचे २००४ साली दाखवले गेले होते. तिथे बसणारा रेणू विकराचा झडपेसारखा हलणारा भाग मिटू देत नाही. प्रयोगशाळेचे काम सध्या त्या दिशेने चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्व फॉस्फोटायरोसीन दाखवणारा ब्लॉट ही सर्वांत सोपी गोष्ट उशिरा झाली. ती पहिल्याच दिवशी झाली असती तर काळवंडलेल्या रकान्याने पुढची बरीच बोलणी थांबवली असती. विशिष्ट प्रतिपिंड आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते आणि त्यापलीकडे काय बदलले ते झाकून ठेवते, ही त्याची मर्यादा निवड करतानाच लक्षात घ्यायला हवी होती.

वहीतील डीटीटीची नोंद कितीतरी आधीची होती, पण तिच्याकडे 'प्रयोगातील विस्कळीतपणा' म्हणून पाहिले गेले. सरासरी काढली की असा चढउतार दृष्टीआड होतो. द्रावण केव्हा बनवले याची तारीख निकालांशेजारी मांडली असती, तर त्या चढउतारात दडलेला नियम दिसला असता.

इन्सुलिनची मात्राही पुन्हा विचारात घ्यावी लागेल. उपाशी अवस्थेत रक्तातील इन्सुलिन पिकोमोलर पातळीवर असते. १०० नॅनोमोलर मात्रेत ग्राही जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालतो, आणि अशा वेळी फॉस्फटेज रोखल्याचा सूक्ष्म लाभ मोजता येणे कठीण. कमी मात्रा देऊन, मग इन्सुलिन धुऊन काढून फॉस्फेट किती वेगाने उतरते हे पाहिले असते, तर फॉस्फटेजच्या कामाचे अधिक थेट मोजमाप मिळाले असते. संघाने पुढील संयुगांसाठी हीच पद्धत स्वीकारली आहे.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पीटीपी१बी कायमचे काढून टाकलेल्या पेशी अनेक पिढ्या वाढत जातात, तेव्हा टीसीपीटीपीसारखी भावंडे त्याचे थोडे काम अंगावर घेत असण्याची शक्यता उरते. तसे असेल तर अशा पेशींवर केलेली तुलना पीटीपी१बीचा वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवील. म्हणून हवे तेव्हा पीटीपी१बी काही तासांत नष्ट करता येईल अशा पेशी तयार करण्याचे काम हाती घेतले आहे, आणि पुढचे संयुग आधी त्या पेशींवर तपासायचे ठरले आहे.